तळपायावरचा नकाशा

अंगठा दाबल्याने डोके कसे उतरते? तळपायाच्या खळगीत बोट रुतवले की पोटाचा त्रास खरेच कमी होतो का? रिफ्लेक्सॉलॉजीचे नाव निघाले की हेच प्रश्न पहिल्यांदा विचारले जातात. ठाण्यात खोपटच्या एसटी स्थानकापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पाय दुखणाऱ्यांची कमतरता नाही. दिवसभर गाडीत उभा राहणारा वाहक, दुकानातल्या फळीमागे उभी असणारी मुलगी, लोकलमध्ये तासभर लोंबकळणारा नोकरदार, या सगळ्यांना संध्याकाळी कोणी पाय चेपून दिलेले हवेच असतात. त्यामुळे पाय दाबण्याच्या या उपचाराला गिऱ्हाईक मिळवायला फार कष्ट पडत नाहीत. पाय दाबल्याने बरे वाटते यावर वाद नाहीच. वाद आहे तो पायावर आखलेल्या नकाशावर.

१. दावा काय आहे

रिफ्लेक्सॉलॉजीच्या मते शरीरातल्या प्रत्येक अवयवाचा एक ठरावीक बिंदू तळपायावर, आणि थोड्या कमी महत्त्वाने तळहातावर व कानावर असतो. पायाचा अंगठा म्हणजे डोके, बाकीच्या बोटांची मुळे म्हणजे डोळे आणि कान. चवड्याचा फुगीर भाग फुप्फुसांचा, डाव्या पायावर त्याच्या लगत हृदय. खळगीत जठर, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडे. यकृत उजवीकडे असल्याने त्याचा बिंदूही उजव्याच पायावर. पायाची आतली कड हा पाठीचा कणा आणि टाच म्हणजे कंबरेखालचा भाग. दोन्ही पाय शेजारी ठेवले की त्यांत उभ्या माणसाची आकृती दिसते, अशी ही मांडणी आहे.

सोसायटीच्या इमारतीत तळमजल्यावर मीटर-बोर्ड असतो. चौथ्या मजल्यावरच्या घरातला दिवा गेला तर माणूस खाली येऊन त्या घराचे बटण पाहतो. रिफ्लेक्सॉलॉजीचे म्हणणे असेच आहे: बिघाड वर, खटका खाली. बिंदू दाबल्यावर तिथे दुखले किंवा बोटाखाली वाळूसारखे काही कचकचले, तर त्या अवयवाच्या कामात अडथळा आहे असे उपचारक सांगतात. तोच बिंदू अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबला की अडथळा मोकळा होतो, रक्ताभिसरण सुधारते आणि शरीर आपले आपण सावरते. माणसाचा एकेक अवयव सुटा न पाहता शरीर, मन आणि दिनक्रम यांचा एकत्र विचार करतो म्हणून या उपचाराला समग्र उपचार म्हणतात.

एक बैठक साधारण पाऊण ते एक तासाची. माणूस आरामखुर्चीवर रेलतो किंवा आडवा होतो, पाय उपचारकाच्या समोर येतात. मालिशीसारखे भरपूर तेल लावत नाहीत, कारण तेलाने अंगठा सरकतो. अंगठ्याचे पेर वाकवत, सरळ करत, अळीसारखे पुढे नेणे ही यातली मूळ हालचाल.

२. नकाशा कोणी काढला

रिफ्लेक्सॉलॉजी पाच हजार वर्षांची प्राचीन विद्या आहे असे पुष्कळदा छापलेले आढळते. पुरावा म्हणून इजिप्तमधल्या सक्कारा येथील अंखमहोर या वजिराच्या थडग्यातले भित्तिचित्र दाखवतात. ते सुमारे इ. स. पू. २३०० चे आहे आणि त्यात काही माणसे दुसऱ्यांचे हातपाय हातात घेऊन बसलेली दिसतात. ती नखांची निगा राखत असतील, दुखरे पाय चेपत असतील. पायावर अवयवांचे बिंदू आहेत असे मात्र त्या चित्रातून निघत नाही. पाय चेपणे माणसाइतकेच जुने असेल, त्यावरचा नकाशा जुना नाही.

आजच्या नकाशाचा उगम अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडतो. विल्यम फिट्झजेराल्ड हे कान-नाक-घशाचे डॉक्टर कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड येथे काम करत. हाताच्या बोटांवर ठरावीक ठिकाणी दाब दिला की चेहऱ्याच्या काही भागांतली वेदना बोथट होते, असे त्यांना वाटले. त्यासाठी ते रबरबँड, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि धातूचे कंगवे वापरत. त्यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच. एका पट्ट्यातल्या कुठल्याही जागी दाब दिला तर त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या जागी परिणाम होतो, हा त्यांचा सिद्धांत. एडविन बाउअर्स यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘झोन थेरपी’ हे पुस्तक १९१७ मध्ये निघाले.

पुढे जो शेल्बी रायली या डॉक्टरांनी ही कल्पना उचलली आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या युनिस इंगहॅम यांनी ती पूर्णपणे पायांवर आणली. इंगहॅम यांचा जन्म १८८९ चा, पेशा मालिश आणि व्यायामोपचाराचा. रुग्णांचे तळपाय चाचपत, कुठे दुखते आणि त्या माणसाची तक्रार काय हे जुळवत त्यांनी बिंदूंची जागा ठरवली. ‘स्टोरीज द फीट कॅन टेल’ हे त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये आले आणि आज दवाखान्यांच्या भिंतींवर टांगलेले रंगीत तक्ते त्याच पुस्तकाचे वारस आहेत. इंग्लंडमध्ये हा उपचार १९६० च्या दशकात डोरीन बेली यांनी नेला.

अंगावरचे एखादे ठिकाण आणि आतला अवयव यांचे नाते मुळात असतच नाही, असेही नाही. हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात दुखतो, पित्ताशयाच्या विकारात उजवा खांदा. आतल्या अवयवाकडून आणि कातडीकडून येणाऱ्या संवेदना पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणी दाखल होतात, म्हणून मेंदूचा असा गोंधळ उडतो. हे नाते खरे, तपासलेले आहे. त्याच्या जोरावर तळपायाचा सगळा तक्ता मात्र उभा राहत नाही.

३. पादाभ्यंग आणि काशाची वाटी

मराठी घरांना पायांच्या उपचारासाठी अमेरिकेची वाट पाहावी लागली नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात पायांना तेल चोळण्याचे, म्हणजे पादाभ्यंगाचे फायदे सांगितले आहेत. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षता, शीण आणि बधिरता जाते, पाय मऊ, बळकट आणि स्थिर होतात, भेगा पडत नाहीत, गृध्रसी म्हणजे मांडीपासून खाली जाणारी कळ होत नाही. वाग्भटानेही रोजच्या अभ्यंगात डोके, कान आणि पाय यांना विशेष महत्त्व दिले. ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. जवळपास सगळे फायदे पायांचेच आहेत. दूरचा म्हणावा असा एकच, तो डोळ्यांना टवटवी येण्याचा. यकृताचा बिंदू, मूत्रपिंडाचा बिंदू असे काही चरक सांगत नाही. म्हणून पादाभ्यंगाला रिफ्लेक्सॉलॉजीचा पुरावा म्हणून उभे करणे चरकावरच अन्याय आहे.

घरगुती रूप म्हणजे काशाची वाटी. उन्हाळ्यात तळपायांची आग होऊ लागली, डोळे चुरचुरले किंवा झोप लागेना, की आजी तळपायाला साजूक तूप किंवा खोबरेल लावून काशाच्या वाटीचे बूड त्यावर घासत बसायची. काही घरांत एरंडेल वापरतात. काशे हा तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक तांबेच. पितळेत कथिलाऐवजी जस्त असते, म्हणून दोन्हींत गल्लत करू नये. गेल्या काही वर्षांत या वाटीचे यंत्र झाले आहे. खुर्चीत बसायचे, तूप किंवा तेल लावलेले पाय फिरत्या काशाच्या थाळीवर ठेवायचे. ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे अशी यंत्रे मांडलेली दुकाने सहज दिसतात.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे घासल्यावर तळपायांना लागणारा काळा थर. “बघा, अंगातली उष्णता आणि विषारी द्रव्ये बाहेर आली,” असे सांगितले जाते. जितके काळे तितका माणूस आतून बिघडलेला, असा हिशेबही होतो. हा समज खोडायला प्रयोगशाळा लागत नाही. काशाच्या भांड्यावर थोडे तूप लावून जुन्या सुती कापडाने जोर लावून घासावे. कापड काळे होते. कापडाच्या अंगात उष्णता नसते. घासण्याने धातूचे अतिबारीक कण सुटतात, तुपातली आणि घामातली आम्ले तांब्याशी संयोग पावतात आणि हे सगळे स्निग्ध पदार्थात मिसळून काळसर राप तयार होतो. एकाचे पाय जास्त काळे होतात आणि दुसऱ्याचे कमी, त्याला घाम, कातडीचा खडबडीतपणा, दाब आणि तुपाचे प्रमाण ही कारणे पुरतात. शरीरातली नको असलेली द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, तळपायाची जाड कातडी ते करत नाही.

काळ्या थराचा अर्थ चुकला म्हणून वाटी फेकून द्यायची गरज नाही. गार धातू, स्निग्ध पदार्थ आणि सावकाश चोळणे यांनी तळपायांची आग थांबते, आणि झोपण्यापूर्वी कोणीतरी आपल्या पायाशी बसून अर्धा तास देते, याचे सुख वेगळेच.

४. तारा आहेत का

मीटर-बोर्डावरचे बटण चालते, कारण तिथून वरच्या घरापर्यंत खरोखर तार गेलेली असते. तळपायाच्या बाबतीत या तारा शोधल्या तर काय सापडते?

एका पायात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. तळव्याच्या जाड कातडीत दाब, कंप आणि ताण ओळखणारी संवेदनाग्रे मोठ्या संख्येने असतात, कारण उभे राहताना तोल सांभाळायला मेंदूला तीच माहिती लागते. ही सगळी माहिती पोटरीमागून जाणाऱ्या मोठ्या नसेतून वर चढते आणि कण्याच्या खालच्या भागात, कंबर व माकडहाडाच्या दरम्यानच्या चार-पाच मज्जामुळांतून आत शिरते. अंगठ्याची माहिती कपाळाकडे, चवड्याची फुप्फुसाकडे अशी वेगळी वाटणी वाटेत कुठेच होत नाही. चेहऱ्याची संवेदना मेंदूतून थेट निघणाऱ्या वेगळ्याच मज्जातंतूकडे असते, त्याचा पायाशी संबंध नाही.

बोटाखाली वाळूसारखे कचकचते ते साठलेले स्फटिक, हे स्पष्टीकरणही तपासायला हवे. यूरिक आम्लाचे स्फटिक पायात जमू शकतात, हे खरे. पण त्यातून होणाऱ्या रोगाला गाऊट म्हणतात, तो संधिवाताचा एक प्रकार आहे. तो बहुधा अंगठ्याच्या सांध्यात होतो, भयंकर दुखतो, आणि ते स्फटिक सांध्यातला द्राव काढून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येतात. यकृताच्या बिंदूखाली जमणारे, अंगठ्याने फोडता येणारे स्फटिक कोणी असे दाखवलेले नाहीत. बोटाला जे लागते ते बहुतेकदा कातडीखालच्या चरबीची गाठाळ बैठक, स्नायूंचे ताणलेले धागे किंवा तळव्यावरचे घट्टे.

आणखी एक अडचण म्हणजे वेगवेगळ्या पंथांचे तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत. शरीररचनेचा तक्ता ठाण्यात पाहा किंवा टोकियोत, यकृत एकाच जागी असते.

५. पारख कशी झाली

नस सापडली नाही म्हणून उपचार खोटा ठरवणे घाईचे. औषधे काम का करतात हे कळण्याआधी ती काम करतात हे माहीत असल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. म्हणून थेट परिणाम तपासणे योग्य. त्यासाठी दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पाय पाहून रोग ओळखता येतो का? आणि पाय दाबून रोग बरा होतो का?

पहिल्या प्रश्नासाठीची युक्ती सोपी आहे. समजा दहा माणसे आहेत आणि त्यांतल्या पाच जणांना गुडघ्याचा विकार आहे. उपचारकाला त्यांचे फक्त तळपाय दिसतील, चेहरा, चाल, बोलणे काहीही कळणार नाही. नाणे उडवून उत्तर दिले तरी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. तेव्हा नकाशा खरा असेल तर त्याने पाचापेक्षा पुष्कळ वर जायला हवे. इंग्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असेच केले. सहा ठरावीक विकारांपैकी एक किंवा अधिक असलेली १८ माणसे दोन प्रशिक्षित रिफ्लेक्सॉलॉजिस्टना दाखवली, बोलण्याची मुभा न देता. त्यांची उत्तरे अंदाजाच्या पलीकडे गेली नाहीत, शिवाय दोघांचे एकमेकांशीही फारसे जमले नाही. अभ्यास लहान होता, पण प्रश्न नेमका होता.

दुसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे ती तुलनेची. पाय दाबलेल्या माणसांची तुलना काहीच न मिळालेल्यांशी केली तर पाय दाबणे जिंकणारच, कारण तासभर आराम मिळाला. नकाशा खरा की नाही हे कळण्यासाठी तुलना हवी ती साध्या, बिंदू न जुमानणाऱ्या मालिशीशी. रजोनिवृत्तीच्या काळातल्या ७६ स्त्रियांवर इंग्लंडमध्ये झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. निम्म्या स्त्रियांना रिफ्लेक्सॉलॉजी मिळाली, निम्म्यांना साधी पायांची मालिश. चिंता, उदासी आणि अंगातून वाफा येण्याचा त्रास दोन्ही गटांत कमी झाला. गटागटांत लक्षणीय फरक मात्र पडला नाही. बिंदूंनी वेगळे काही केले नाही, हातांनी केले.

दम्याच्या आणि आतड्यांच्या त्रासाच्या रुग्णांवरचे प्रयोगही झाले, त्यांतही खास परिणाम दिसला नाही. पर्यायी उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये अशा १८ प्रयोगांचा आणि २०११ मध्ये सहकाऱ्यांसह २३ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. कुठल्याही रोगावर रिफ्लेक्सॉलॉजी उपयोगी पडते असे पटण्याजोगे सिद्ध होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१५ मध्ये अनेक पर्यायी उपचारांचा आढावा घेतला आणि १ एप्रिल २०१९ पासून खाजगी आरोग्य विम्याच्या सवलतीतून रिफ्लेक्सॉलॉजी वगळली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत प्रगत अवस्थेतल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ३८५ स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. रिफ्लेक्सॉलॉजी मिळालेल्या स्त्रियांना श्वास लागण्याचा त्रास कमी झाला आणि रोजच्या हालचाली थोड्या सुधारल्या. वेदना, मळमळ, चिंता आणि खिन्नता यांत फरक पडला नाही. गंमत अशी की याच प्रयोगात प्रशिक्षण न घेतलेल्या माणसांनी पाय दाबलेल्या गटाचा थकवा कमी झाला. कर्करोगावर उपचार म्हणून नव्हे, पण उपचार चालू असताना आधार म्हणून पायांना हात लावण्यात तथ्य असावे, इतके यावरून म्हणता येते.

६. मग बरे का वाटते

खोपटच्या आगारातून सकाळी निघालेल्या एखाद्या वाहकाचे उदाहरण घेऊ. आठ तास उभे राहणे, गचके, हॉर्न, सुट्या पैशांवरून वाद. संध्याकाळी पाय सुजलेले आणि डोके ठणकत असलेले. तो तासभर आडवा होतो, कोणी त्याचा अंगठा दाबते आणि डोके उतरते. यात किती गोष्टी एकाच वेळी घडल्या ते मोजावे.

पाय उंचावर आल्याने पोटऱ्यांत साचलेले रक्त आणि द्रव परत वर चढले. तळव्याच्या स्नायूंचा ताण दाबाने सैल झाला. वेदना आणि स्पर्श यांच्या संवेदना कण्यात जिथे दाखल होतात तिथे स्पर्शाचा रेटा वाढला की वेदनेला वाट कमी मिळते. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेला हा सिद्धांत आहे, आणि ठेच लागल्यावर माणूस आपोआप जागा चोळतो त्याचेही कारण तेच. सावकाश, लयीतल्या स्पर्शाने श्वास संथ होतो, नाडी थोडी उतरते. फोन बाजूला असतो, शांतता असते. ताणामुळे आलेली डोकेदुखी तासाभरात पुष्कळदा आपणहूनही जाते. शेवटी, कोणीतरी आपली विचारपूस करते आहे याचाही परिणाम असतोच, आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत मिळणाऱ्या दोन मिनिटांच्या तुलनेत हा तासभर फार मोठा वाटतो.

बागांमधल्या गोट्यांच्या वाटांचेही असेच. मुंबई-ठाण्यातल्या काही उद्यानांत त्यांना ‘ॲक्युप्रेशर ट्रॅक’ म्हणतात. अमेरिकेतल्या ऑरेगन इथे १०८ वृद्धांवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ आठवडे गोट्यांच्या चटईवर चालणाऱ्यांचा तोल सुधारला आणि रक्तदाब साध्या चालण्याच्या तुलनेत अधिक उतरला. खडबडीत जागेवर पाऊल टाकताना घोटे, बोटे आणि मेंदू यांना मेहनत पडते, ती तोलाला उपकारक ठरते. एवढ्यासाठी बिंदू मानण्याची गरज पडत नाही.

७. ॲक्युप्रेशर, ॲक्युपंक्चर आणि पाटीवरचा ‘डॉ.’

रिफ्लेक्सॉलॉजी, ॲक्युप्रेशर आणि ॲक्युपंक्चर ही तिन्ही नावे एकाच पाटीवर लिहिलेली दिसतात, पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲक्युपंक्चर चिनी, त्यात सबंध अंगावरच्या बिंदूंत सुया टोचतात. ॲक्युप्रेशरमध्ये सुईऐवजी दाब. आपल्याकडे ॲक्युप्रेशर या नावाखाली जे चालते, त्यात चिनी पद्धतीतले बिंदू आणि इंगहॅम यांचा पायाचा तक्ता यांची सरमिसळ झाली आहे. मुंबईच्या देवेंद्र व्होरा यांच्या ‘हेल्थ इन युअर हँड्स’ या पुस्तकाने अशा मिश्र पद्धतीचा घरोघर प्रसार केला. लाकडी रोलर आणि काट्यांची चप्पल ही याच मिश्र पद्धतीची साधने. ॲक्युपंक्चर भारतात रुजवण्याचे श्रेय कोलकात्याच्या डॉ. बिजयकुमार बसू यांना जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे सहकारी होते.

कायद्याच्या दृष्टीनेही फरक आहे. केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अनेक पर्यायी पद्धती तपासल्या, त्यांत रिफ्लेक्सॉलॉजीही होती. २५ नोव्हेंबर २००३ च्या केंद्रीय आदेशात ॲक्युपंक्चर आणि संमोहनोपचार उपचाराच्या पद्धती म्हणून स्वीकारार्ह मानले गेले, रिफ्लेक्सॉलॉजीला मान्यतेची शिफारस मिळाली नाही. मान्यता नसलेल्या पद्धतीत पदवी-पदविका देऊ नये आणि ‘डॉक्टर’ हे बिरूद मान्यताप्राप्त पद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावे, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. रिफ्लेक्सॉलॉजीसाठी तसा कायदा नाही. मालिश म्हणून पाय दाबून देण्यात काही गैर नाही. पण नावामागे ‘डॉ.’ लावून मधुमेहाच्या गोळ्या थांबवायला सांगणारा माणूस वेगळ्या वर्गातला.

८. कोणी सांभाळून राहावे

मधुमेहात पायांची संवेदना पुष्कळदा कमी झालेली असते. दाब जास्त झाला, रोलरचा काटा लागला किंवा थाळीच्या घर्षणाने कातडी सोलली तरी कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी रोज पाय पाहावेत, चोळायचे तर हलक्या हाताने, आणि यंत्रापासून लांब राहावे. एकाच पोटरीला अचानक सूज, दुखणे आणि ऊब आली तर ती अजिबात चोळू नये: आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, पायावरची जखम, बुरशी, नुकतेच मोडलेले हाड, ठिसूळ हाडे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि गरोदरपण या अवस्थांत आधी डॉक्टरांना विचारावे.

टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखते आणि चालल्यावर कमी होते, तेव्हा बहुधा तळव्याच्या पट्ट्याला सूज असते. त्यावर पोटरीचे ताण देण्याचे व्यायाम आणि मऊ टाचेची चप्पल उपयोगी पडते. छातीत दडपण, अचानक एका बाजूला आलेला कमकुवतपणा, शौचातून रक्त किंवा कारण नसताना घटणारे वजन, यांपैकी काहीही असेल तर आधी रुग्णालय गाठावे, पाय दाबण्याची बैठक नंतरही घेता येते.